दोन माणसांची होडी

ती होडी मी निवडली. घरात तिचा विषय निघाला की सगळे अजून "आपण घेतली" असंच म्हणतात, आणि मी ते दुरुस्त करत नाही. म्हणून इथे आधीच लिहितो: निवड माझी होती, मोजमाप माझं होतं, आणि त्या मोजमापात जी लबाडी झाली तीही माझीच होती.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. नायगावला खाडीच्या काठी आमचं घर. घरात माणसं नऊ. थोरला भाऊ, त्याला सगळा पाडा दादा म्हणायचा. वहिनी, त्यांच्या दोन मुली. मी, माझी बायको आणि आमची तीन मुलं. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. खाडीलगतच्या खाजणातली भातशेती तो बघायचा आणि उरलेल्या वेळात खाडीत मासे धरायचा. मी मिठागराच्या कचेरीत कारकून होतो. मिठाच्या राशी वजन होऊन जाताना उभं राहायचं, आकडे लिहायचे, संध्याकाळी बेरीज जुळवायची. बेरीज जुळल्याशिवाय मी जेवायला बसत नसे, हे पाड्यात सगळ्यांना माहीत होतं.

दादाचं मासे धरणं एकट्याचं होतं. मोठ्या होड्यांचं जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं, म्हणून ते लोक पुनवेच्या नि अवसेच्या उधाणाला जातात. दादाचं जाळं लहान. त्याला संथ पाणी लागायचं. म्हणून तो अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत जायचा. त्या दिवसांत भरती पहाटे सहाच्या सुमाराला येते आणि पाणी फार चढत नाही. काठावर होडी बांधायच्या खुंट्यापासून ते खूप लांब राहतं, मध्ये अडतीस-चाळीस हात चिखल. दादा जुनं होडकं त्या चिखलावरून एकटाच ढकलत न्यायचा आणि नऊच्या आत बोय, कोळंबी, एखादे वेळी जिताडा घेऊन परत यायचा. घरापुरतं ठेवून बाकीचं वहिनी होळी नावाच्या बाजारात नेऊन विकायची. ती टोपली उचलून निघाली की तिची चालच बदलायची. "माज्या घरच्या होडीचं म्हावरं हाय," असं ती गिऱ्हाइकाला सांगायची.

जुन्या होडक्याचं बूड कुजलं. राळ भरून, फळी बदलून तीन पावसाळे काढले. पुढे दादानेच सांगितलं, "बाला, आता नवी बघू." मला तो चाळिशीतही बाला म्हणायचा.

नवी घ्यायचीच तर ती सगळ्या घराच्या उपयोगाची असावी, असं माझ्या मनात आलं. आणि ते वाईट नव्हतं. बायकोचं माहेर गिरीजला, तिकडच्या माणसांना खाडीतल्या बेटावर न्यायचं असलं की दुसऱ्याची होडी मागावी लागे. मुलांना पोहायला शिकायचं होतं. जुनं होडकं इतकं अरुंद की एकाने काठ धरला तर दुसरा पाण्यात. बायको म्हणाली, "मना पाय पसरून बसता आलं पायजे. तुमच्या त्या होडक्यात मी गुडघं छातीला लावून किती दिस बसू?" दादाच्या थोरल्या मुलीला तर नारळी पौर्णिमेच्या शर्यतीत आपल्या घरची होडी हवी होती. "काका, दर वर्षी आपन काठावरनं दुसऱ्याच्या होडीला ओरडतो," असं ती मला म्हणाली होती.

मी वहीत पाच ओळी आखल्या. मासे, गवताचे भारे आणणं, माणसं नेणं, मुलांचं पोहणं, शर्यत. प्रत्येकाला दहापैकी गुण. तेव्हा मला ते फार न्यायाचं वाटलं. आता दिसतं की दादा वर्षातून साठ-सत्तर दिवस ज्यासाठी जायचा ती एक ओळ होती, आणि वर्षातून एकदा होणारी शर्यत हीसुद्धा एक ओळ होती, आणि दोन्हींची उंची सारखी होती. पण ही चूक होती. लबाडी पुढे आहे.

त्या संक्रांतीला दादा बांधावरून पडला आणि त्याचा उजवा खांदा निखळला. हाडवैद्याने बसवला, बांधून ठेवला आणि तीन आठवडे हलायचं नाही असं सांगितलं. होडी बांधणारा सुतार पाचूबंदरला. त्याच्याकडे दोन होड्या तयार होत्या आणि घेणारे इतरही होते. दादा म्हणाला, "तू जा. तुला माप कलतं. मना फक्त एक सांग, मी एकट्यानं ती चिखलावरनं काढीन का नाय. बाकी तू बघ."

मी एका रविवारी गेलो.

पहिली होडी अकरा हात लांब, अडीच हात रुंद. जुन्या होडक्याचीच धाकटी बहीण. दुसरी चौदा हात लांब, चार हात रुंद, बूड सपाटसर, मध्ये शीड उभं करायला जागा, आडव्या फळ्या तीन. मी तिच्यात बसलो आणि पाय पसरून पाहिले. नऊ माणसं मनातल्या मनात बसवून पाहिली. सगळी बसली.

सुतार म्हातारा होता, तोंडात पान. मी वही काढलेली बघून तो हसला.

"भाऊ, होडी घेताय का होडीचं लगीन लावताय? पत्रिका बघताय जनू."

"ही मोठी एका माणसाला ढकलेल का?" मी विचारलं.

"ही दोघांची होडी." त्याने पान थुंकलं. "एकट्याला पायजे तर ती बारकी घ्या."

"ओल्या चिखलावर तरी?"

"ओल्यावर रेडापन सरकतो. सुक्यावर बगा."

मी म्हटलं, बघतोच. ओहोटी लागली होती. पाण्याजवळचा चिखल नुकताच उघडा पडलेला, लोण्यासारखा. वरचा, जिथे तीन-चार दिवस पाणी पोचलं नव्हतं, तो वरून तडकलेला आणि आतून चिकट. मी धोतर खोचलं, होडीच्या मागच्या टोकाला खांदा लावला आणि एका दमात ती किती हात सरकते ते मोजलं. सुताराचा माणूस काठीने खूण करत होता. नऊ वेळा ढकलली. पाण्याजवळ सात वेळा: आठ, नऊ, अकरा, नऊ, दहा, सात, नऊ. वरच्या सुक्या चिखलावर दोन वेळा: दोन आणि एक. शेवटच्या वेळी मी तोंडावर पडलो आणि सुतार म्हणाला, "आता झाली का सोयरीक?"

त्या रविवारी सूर्य मावळायच्या आत मी मोठी होडी पक्की केली.

घरी परत येताना मी वहीत बेरीज मांडली. पहिले सात आकडे मिळून त्रेसष्ट. भागिले सात, नऊ. खालचे दोन आकडे मी लिहिलेले होते. ते मी खोडले नाहीत, फक्त बेरजेत घेतले नाहीत. मनाशी म्हटलं, तेव्हा मी दमलो होतो, पाय घसरला, ते माप खरं धरता येत नाही. मिठागरात एखाद्या काट्याने वेडंवाकडं वजन दाखवलं तर आम्ही ते सोडून देत असू, तसंच हे. पण काटा बिघडलेला नव्हता. आणि घेतले असते तरी काय, सरासरी सातच्या वर आली असती. दादाला सरासरीशी काही कर्तव्यच नव्हतं. भांगाचं पाणी वर चढत नसल्याने त्याच्या दिवसांतला सगळा चिखल सुका होता, म्हणजे त्याच्या कामाचे आकडे नवांपैकी ते दोनच होते.

दादा पडवीत बाजेवर पडून होता. खांदा पांढऱ्या फडक्यात.

"काय म्हनतो सुतार?"

"चांगली हाय. मी सोता नऊ वेला ढकलून बगितली, चिखलात पडलो पन. एका दमात नऊ हात."

तो छताकडे बघत हिशेब करत होता. चाळीस हात, पाच दम. ओठ हलत होते.

"सुक्या चिखलावर?"

"सगलं धरून," मी म्हणालो.

एवढेच दोन शब्द. सुतार "दोघांची होडी" म्हणाला होता, तेही मी सांगितलं नाही. वेळ आलीच तर दुसरा माणूस मी आहेच, असं मी स्वतःला पटवलं. दादाने डाव्या हाताने माझ्या पाठीवर थापटलं. "मंग झालं तर. पोरी खूश होतील."

होडी आली. वहिनीने होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. खांद्याचं फडकं सुटल्यावर पहिल्या दोन अष्टम्यांना मी पहाटे दादाबरोबर गेलो. दोघांनी मिळून ती तीस-चाळीस हात नेली, मधे चार वेळा थांबून. त्या दोन्ही दिवशी तो म्हणाला, "नवी हाय, लाकूड भरलेलं हाय. उन्हानं हलकी व्हईल." लाकूड उन्हाने इतकं हलकं होत नाही, हे त्यालाही माहीत असणार. पण माझा नऊचा आकडा त्याच्या डोक्यात होता आणि त्या आकड्यासाठी तो कारण शोधत होता.

फाल्गुन लागला. मिठाच्या राशी भरात आल्या, वजन उजाडायच्या आत सुरू व्हायला लागलं. मला जाणं भाग होतं. अष्टमीच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "दादा, उद्या मना येता येनार नाय."

"मंग काय झालं? पाच दम तर हायेत."

पुढचं मला दुपारी कळलं. त्याने एकट्याने ढकलली होती. अकरा-बारा हात गेल्यावर होडी चिखलात बसली. त्याने उजवा खांदा लावला. खांदा पुन्हा हलला. पाणी ओसरलं तरी तो तिथेच होडीला टेकून उभा होता. पलीकडच्या पाड्यातला एक कोळी, दादाच्याच वयाचा, त्याने बघितलं आणि दोन माणसं आणून त्याला वर काढलं. वहिनीने मला फक्त इतकं सांगितलं, "मी इचारलं, हाक का नाय मारलीत? तर म्हनतात, बालानं मापलीय, जाईल म्हनून ढकलत ऱ्हायलो."

खरं सांगायचं मी टाळलं. बोलायची ती वेळ होती.

खांदा बरा झाल्यावर दादा त्या कोळ्याच्या मोठ्या होडीवर वाट्याने जायला लागला. बसून वल्हं मारायचं, त्याला ते जमत होतं. "संगतीनं बरं वाटतं," म्हणायचा. वाटा येत होता, घरात मासे येत होते. पण वेळ त्याची नव्हती, जाळं त्याचं नव्हतं, आणि वहिनी बाजारात बसायची बंद झाली. कुणी विचारलं तर म्हणायची, "आता वाट्याचं येतं, इकन्याएवढं नसतं."

आणि आमची होडी? ती उधाणाच्या दिवशी, भर दुपारी पाणी खुंट्यापर्यंत आलं की आपोआप तरंगायची. कुणाला ढकलावीच लागत नसे. चैत्र-वैशाखात गिरीजची माणसं आली, बेटावर गेली. माझी तिन्ही मुलं तिच्या काठाला धरून पोहायला शिकली. धाकटा काठावरून उडी टाकायचा आणि वर आला की मोजायचा, "बारा! तेरा!" बायको पाय पसरून बसायची. मी सुकाणू धरायचो. हे सगळं लिहिताना अजूनही बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणून जास्त वाईट वाटतं.

नारळी पौर्णिमेला शर्यत झाली. रेल्वेच्या पुलापासून बेटाच्या टोकापर्यंत, अकरा होड्या. सुकाणूवर दादा, वल्ह्यांना मी आणि पाड्यातले तिघं. दादाची थोरली मुलगी काठावरून धावत होती, ओढणी कुठे पडली तेही तिला कळलं नाही. आमचा दुसरा नंबर आला. दादा इतका हसलेला मी त्याच्या लग्नानंतर पाहिला नव्हता. त्या क्षणी मला खरंच वाटलं की आपल्या पाच ओळी बरोबर होत्या.

मग काठावर नारळाची बर्फी वाटली गेली. पहिल्या आलेल्या होडीवरचा एकजण आमच्या होडीवर थाप मारून मोठ्याने म्हणाला, "चांगली पलते रे! पन ही कारकुनाची होडी. पुनवेला जागी होते, अष्टमीला झोपते!"

सगळे हसले. तो पलीकडचा कोळीही हसला, मग दादाकडे बघून त्याने हसू आवरलं.

दादाचा चेहरा उतरला. "कारकुनाची म्हनू नको," तो म्हणाला. "माज्या भावानं चिखलात पडून नऊ नऊ वेला मापली ती. तुमी घेता तेवा बुडाला हात तरी लावता का? दोष होडीचा नाय, मापाचा तर नायच नाय. माजा खांदाच गेला."

माझ्या हातात बर्फी होती. ती मी मुलाला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा अंगणात त्या कोळ्याचं जाळं शिवत बसला होता. वहिनी तांदूळ निवडत होती. मी वही घेऊन त्याच्या समोर बसलो आणि ते पान उघडलं. दादाला वाचता येत नव्हतं, म्हणून आकडे मोठ्याने वाचले. सातही. मग म्हटलं, "हे ओल्या चिखलावरचं. सुक्यावर दोनदा ढकलली. दोन हात आनि एक हात. ते मी धरलं नाय. तू इचारलंस तेवा सगलं धरून म्हनालो. आनि सुतारानं मना आधीच सांगितलेलं, ही दोघांची होडी."

त्याने सुई थांबवली नाही. एक गाठ मारली, दुसरी मारली.

"तुजा खांदा आपसूक गेला नाय," मी म्हणालो. "माज्या आकड्यानं गेला."

वहिनीने सूप खाली ठेवलं. "भावजी," ती म्हणाली, "तुमच्या वहीला मी हात धुवून हात लावायची." एवढं बोलून ती आत गेली. पुढचे कित्येक दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. ते मला योग्यच वाटलं.

दादाने धागा तोडला. "मना सांगितलं असतंस तरी मी कदाचित हीच घे म्हनालो असतो. पोरींचं तोंड बगून. पन मग ते मी म्हनालो असतो, बाला. मीच सोडलं असतं एकट्यानं जानं."

मी म्हटलं, विकून टाकू, सुताराकडून बारकी बांधून घेऊ.

"आनि काल ती पोरगी धावली ती? तिला कोन सांगनार, तू का मी?" त्याने जाळं बाजूला सारलं. "ऱ्हाऊ दे होडी. अष्टमीला ये तू. दोघांची हाय तर दोघं जाऊ."

"येतो," मी म्हणालो. "दर अष्टमीला."

पहिली आली ती गोकुळाष्टमी. मी साडेपाचला खुंट्यापाशी होतो. दोघांनी होडी काढली, दादाने त्याचं स्वतःचं जाळं लावलं, बोय भरपूर मिळाले. वहिनीने टोपली भरली आणि बाजाराला गेली. ती धरून पुढचा ज्येष्ठ संपेपर्यंत अष्टम्या आल्या एकवीस, हा आकडा मी पंचांगातून मोजला आहे. त्यातल्या अकरांना मी गेलो. दहांना गेलो नाही. दहांपैकी सहा दिवस मिठाचं वजन होतं आणि ते टाळता येण्यासारखं नव्हतं. उरलेल्या चार दिवशी तसं काही नव्हतं. एकदा पाऊस पडेल असं वाटलं, एकदा अंग दुखत होतं, दोनदा जाग आली होती आणि मी उठलो नाही. हे चार आकडे या वेळी मी सोडलेले नाहीत.

मी आलो नाही तर काय करायचं ते दादाने ठरवलं होतं. उजाडेपर्यंत तो खुंट्यापाशी उभा राहायचा, मग जाळं घरी आणून टांगायचा आणि पलीकडच्या पाड्यात त्या कोळ्याची जाळी शिवायला जायचा. घरात त्याने एकदाही त्याबद्दल तक्रार केली नाही. त्या दहा पहाटांना तो किती वेळ उभा राहिला, हे मी त्याला विचारलेलं नाही, आणि ते मोजणारा दुसरा कुणी तिथे नव्हता.